'गेट'चे सगळे अर्थ पाठ आहेत, तरी कॉलवर गाडी अडते ती का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या डिस्पॅचला आहात. शाळा मराठी माध्यमाची. आता परदेशी ग्राहकांचे मेल आणि कॉल तुमच्याकडे आलेत आणि त्या लोकांच्या दर दुसऱ्या वाक्यात 'गेट' (get) हे क्रियापद येतं. तुम्ही डिक्शनरी काढून मिळणे, मिळवणे, होणे, पोहोचणे, आणणे, समजणे असे सगळे अर्थ वहीत उतरवले, पाठ केले. तरी कॉल सुरू झाला की काहीच जुळत नाही. म्हणून तुम्ही म्हणताय की एकच नेमका अर्थ सांगा, नाहीतर पक्की यादी द्या. अडलेली दोन वाक्यंही दिलीत: 'वुई नीड टू गेट धिस सॉर्टेड' आणि 'डिड यू गेट अ चान्स टू लुक ॲट इट?' आणि शेवटी विचारलंय, 'गॉट' बरोबर की 'गॉटन'?

मी कोल्हापुरात बरीच वर्षं नोकरदारांना इंग्रजी शिकवते. त्यात फाउंड्री आणि मशीन शॉपची मंडळी भरपूर असतात, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. तुमची यादी चुकलेली नाही. त्यातला प्रत्येक अर्थ खरा आहे. पण समोरचा बोलत असताना त्या सहांपैकी कुठला अर्थ उचलायचा, हे यादी सांगत नाही. खरी अडचण तिथे आहे. यादी अजून लांबवलीत तर निवड अजून अवघड होईल.

घटकाभर उलटं करून बघा. तुमच्या शॉपमध्ये बिहारहून आलेला एखादा मुलगा आहे, त्याला मराठी शिकायचंय आणि तो विचारतो, 'लागणे' म्हणजे काय? काय सांगाल? भूक लागली, नोकरी लागली, ठेच लागली, वेळ लागतो, जावं लागलं, रडू लागला. सीबीएसवर, म्हणजे कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर, कुणी म्हणालं 'गगनबावड्याची गाडी लागली', तर ती फलाटावर आली. तीच व्यक्ती घाटात म्हणाली 'मला गाडी लागली', तर पिशवी शोधा. आपण कधी 'लागणे'चे अर्थ पाठ केले नाहीत. मागेपुढे कुठला शब्द आहे त्यावरून आपल्याला आपोआप कळतं. 'गेट'चंही तंतोतंत असंच आहे. फक्त इंग्रजीत बघायचं ते पुढे, त्याच्या नंतर काय आलं तिकडे.

तरीही एकच अर्थ हवा असा तुमचा आग्रह असेल, तर माझं उत्तर असं: आधी नव्हतं, आता आलं. बदल. 'आय ॲम टायर्ड' म्हणजे मी दमलेलो आहे, 'आय ॲम गेटिंग टायर्ड' म्हणजे दमत चाललोय. 'आय हॅव द ड्रॉइंग' म्हणजे ड्रॉइंग माझ्याकडे आहे, 'आय गॉट द ड्रॉइंग' म्हणजे ते आत्ता माझ्याकडे आलं. एकीकडे स्थिती, दुसरीकडे त्या स्थितीत येणं. एवढं डोक्यात बसलं तरी बरेच धागे सुटतात. सगळे नाही. उदाहरणार्थ 'आय हॅव गॉट टू सन्स' यात कुठलाही बदल नाही. मला दोन मुलगे आहेत, इतकंच. 'हॅव गॉट' ही जोडी मालकी दाखवायला वापरतात आणि ती तशीच, जोडीनेच लक्षात ठेवायची.

आता पुढे काय येतं ते बघू. पुढे वस्तू आली तर काम सोपं आहे. 'गेट द पार्ट्स', 'गेट अ मेल', 'गेट अ डिस्काउंट', सगळीकडे मिळणं किंवा मिळवणं. माणूस आणि वस्तू दोन्ही आले, जसं 'गेट मी द फाइल', तर आणून देणं. ताप, सर्दीही याच रांगेत: 'आय गॉट अ कोल्ड'. यात कुणी फारसं अडत नाही.

पुढे विशेषण आलं की 'होणे'. 'इट्स गेटिंग लेट', 'द बॉक्सेस गॉट वेट'. आपली मंडळी इथे हमखास 'बिकम' घालतात, कारण शाळेत 'होणे म्हणजे बिकम' असं शिकवलेलं असतं. चूक नाही, पण बोलताना जड वाटतं. मात्र 'गेट' सगळीकडे चालतो असंही नाही. पुढे नाम आलं की तो 'होणे' राहत नाही. 'माय ब्रदर गॉट ॲन इंजिनियर' याचा अर्थ भाऊ इंजिनियर झाला असा होत नाही, भावाने कुठून तरी एक इंजिनियर बोलावून आणला असा होतो. तिथे 'बिकेम'च पाहिजे. आणि दूध नासलं तर 'गॉट बॅड' नाही, 'वेंट बॅड'. हे असं का, त्याला पटेल असं कारण माझ्याकडे नाही. वापर तसा आहे.

पुढे ठिकाण आलं तर पोहोचणं. 'व्हेन विल इट गेट टू हॅम्बर्ग?' इथे 'टू' लागतो, पण 'होम', 'हिअर', 'देअर' यांच्या आधी लागत नाही. त्याउलट 'रीच'ला 'टू' कधीच लागत नाही, तरी 'रीच्ड टू पुणे' हे मला रोज ऐकू येतं. 'पुण्याला पोहोचलो' मधला 'ला' आपण उचलून तिकडे ठेवतो, दुसरं काही नाही.

तुमच्या कामात सगळ्यात जास्त येणारा प्रकार म्हणजे पुढे क्रियापदाचं तिसरं रूप: 'टू बॉक्सेस गॉट डॅमेज्ड', 'द शिपमेंट गॉट डिलेड', 'द लॉट गॉट रिजेक्टेड'. आपल्या बाबतीत काहीतरी घडलं, बहुतेक वेळा नको ते घडलं, असा त्याचा सूर असतो. फोनवर एकदम चोख. पण लेखी रिपोर्टमध्ये, ग्राहकाच्या तक्रारीला अधिकृत उत्तर देताना, मी 'वेअर डॅमेज्ड', 'वॉज डिलेड' लिहायला सांगते. अर्थ तोच, फक्त बाज जरा नेटका.

आता जरा सावकाश वाचा, कारण इथे मराठी माणूस घसरतो आणि त्याला ते कळतही नाही. आपण म्हणतो 'मी केस कापले'. कापले न्हाव्याने. 'मी गाडी दुरुस्त केली'. केली मिस्त्रीने. 'आम्ही पाचगावला घर बांधलं'. बांधलं गवंड्याने. मराठीत हे सगळ्यांना समजतं, कुणी विचारत नाही की तुम्ही स्वतः विटा रचल्या का. इंग्रजीत मात्र 'आय कट माय हेअर' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, यांनी आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवली. दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर 'आय गॉट माय हेअर कट', 'आय गॉट माय बाइक रिपेअर्ड'. क्रम बघा: 'गेट', मग वस्तू, मग तिसरं रूप. आपल्याकडे 'करून घेणे' आहेच, पण आपण ते गरज पडली तरच वापरतो. इंग्रजीत ते जवळजवळ सक्तीचं आहे.

केसांच्या बाबतीत हसण्यावारी जाईल. डिस्पॅचमध्ये जाणार नाही. कास्टिंगच्या मटेरियल टेस्टबद्दल ग्राहकाने विचारलं आणि तुम्ही लिहिलंत 'वुई विल टेस्ट इट', तर तो समजणार की टेस्टिंगची सोय तुमच्याच कारखान्यात आहे. प्रत्यक्षात नमुना बाहेरच्या लॅबला जात असेल तर 'वुई विल गेट इट टेस्टेड' लिहा, आणि मुद्दा महत्त्वाचा असेल तर बाहेरच्या लॅबकडून असं स्पष्टच लिहा. कारण या रचनेलाही दुसरी बाजू आहे. 'वुई विल गेट इट डन' म्हणजे दर वेळी दुसऱ्याकडून करून घेणं असतंच असं नाही. पुष्कळदा 'करून टाकतो, काळजी नको' एवढाच अर्थ असतो. तुम्ही दिलेलं 'वुई नीड टू गेट धिस सॉर्टेड' हे याच जातीतलं. कोण करणार ते त्यात सांगितलेलं नाही, फक्त हे निस्तरलं पाहिजे एवढंच म्हटलंय. म्हणून ते ऐकलं की मी माझ्या लोकांना लगेच विचारायला लावते: 'शाल वुई डू इट, ऑर विल यू?' नाहीतर दोन्हीकडचे लोक एकमेकांची वाट बघत बसतात.

वस्तूऐवजी माणूस आला की रचना थोडी बदलते: 'आय विल गेट हिम टू कॉल यू'. त्याला तुम्हाला फोन करायला सांगतो, करायला लावतो. यात समजावणं, पाठपुरावा करणं आलं. 'आय विल मेक हिम कॉल यू' म्हटलं तर जबरदस्तीचा वास येतो, आणि तिथे 'टू' नसतो. साहेबाबद्दल बोलताना 'मेक' वापरू नका, एवढं सांभाळा.

राहिला 'गेट टू' आणि पुढे क्रियापद. इथे मराठी आपल्या मदतीला येते. 'आय गॉट टू सी द प्लांट' म्हणजे मला प्लांट बघायला मिळाला. बघायला मिळणं, जायला मिळणं, खायला मिळणं ही आपली रचना आणि ही इंग्रजी रचना अगदी एकमेकींवर बसतात. तुमच्या वहीत 'मिळणे' हा अर्थ आहे, पण तो वस्तू मिळण्याचा आहे. करायला मिळण्याचा तुम्ही धरला नसावा. तो आजच जोडा. पण तिला खेटूनच एक खड्डा आहे. 'आय हॅव गॉट टू सी द प्लांट' म्हणजे मला प्लांट बघावाच लागेल. एक संधी, एक सक्ती. आणि बोलताना तो 'हॅव' इतका गिळला जातो की कानाला दोन्ही वाक्यं जवळजवळ सारखीच येतात. मग ओळखायचं कसं? काळावरून. झालेली गोष्ट सांगत असेल, मागच्या भेटीबद्दल बोलत असेल, तर संधी. पुढचं बोलत असेल, आवाजात घाई असेल, तर सक्ती. 'गॉटा' असं जोडून ऐकू आलं तर बिनधास्त सक्तीच धरा.

'डिड यू गेट अ चान्स टू लुक ॲट इट?' यावरही तुम्ही अडलात. संधी मिळाली का, असा प्रश्न समजून तुम्ही बुचकळ्यात पडलात. हा आपला 'जरा बघायला सवड झाली का?' आहे. म्हणजे विनम्र तगादा. उत्तर 'येस, आय गॉट अ चान्स' असं देऊन गप्प बसलात तर तो पुढच्या शब्दाची वाट बघत राहील. बघितलं असेल तर काय दिसलं ते सांगा. नसेल तर 'नॉट येट, आय विल गेट टू इट टुडे' म्हणा.

याच्या पलीकडे 'गेट'ला बारके शब्द चिकटून झालेल्या जोड्या आहेत. 'हजार फ्रेझल व्हर्ब्ज' छापाची पुस्तकं दुकानात मिळतात, ती घेऊ नका असं मी स्पष्ट सांगते. कुणाला कुठल्या जोड्या लागतील हे कामावर अवलंबून आहे. परदेशी जाणाऱ्या नर्सला 'गेट ड्रेस्ड', 'गेट सम रेस्ट', 'गेट ओव्हर' म्हणजे आजारातून उठणं, हे आधी लागतं. आयईएलटीएस ही परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा देणाऱ्याला मी उलट सांगते की लेखी पेपरमध्ये 'गेट' कमी करा, 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'बिकम' वापरा, आणि बोलण्याच्या परीक्षेत मोकळेपणी येऊ द्या. तुम्हाला मात्र सुरुवातीला मोजक्या जोड्या पुरतील. 'आय विल गेट बॅक टू यू' म्हणजे नंतर कळवतो. यात कुणी परत येत नाही, आणि कधी कळवणार तेही नसतं, म्हणून 'बाय व्हेन?' हे विचारून घ्या. 'आय कुड्न्ट गेट थ्रू' म्हणजे फोन लागला नाही. 'आय हॅव्न्ट गॉट अराउंड टू इट' म्हणजे अजून हात लागला नाही. 'वुई विल गेट बाय' म्हणजे भागेल, चालवून घेऊ. दोन पेट्या कमी गेल्यावर ग्राहकाने हे म्हटलं तर तो खूश नाही, निभावून नेतोय, हे ध्यानात घ्या. आणि 'आय डिड्न्ट गेट यू' म्हणजे तुमचं बोलणं कळलं नाही. लाजू नका, हे वाक्य तुम्हीच सगळ्यात जास्त वापरायला हवं.

ग्राहक इथे भेटीला आला तर उपयोगी पडेल म्हणून एवढंच सांगते. बस, रेल्वे, विमान यांत 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. कार, रिक्षा यांत 'गेट इन' आणि 'गेट आउट'. उभं राहून आत चालता येतं त्याला 'ऑन', वाकून बसावं लागतं त्याला 'इन'. केएमटीच्या बसमधून आपण सगळेच 'गेट डाउन' करतो, भारतात ते चालतं आणि मी कुणाला टोकत नाही. पण इंग्लंडच्या माणसाला 'गेट डाउन' म्हटलं की शिडीवरून, झाडावरून उतरणं डोळ्यापुढे येतं.

एक शंका मला तुमचा प्रश्न वाचतानाच आली. कदाचित तुम्हाला अर्थ लागत नाही असं नाही, तो शब्द ऐकूच येत नाही. अमेरिकन ग्राहक असेल तर 'गेट इट' हे 'गेडिट' होतं, 'गॉट इट' हे 'गॉडिट', 'गेट आउट' हे 'गेडाउट'. दोन स्वरांच्या मधला 'ट' ते मऊ करून टाकतात. ज्याला 'गेट' असा खणखणीत उच्चार अपेक्षित आहे त्याच्या कानावरून हे नुसतं वाहून जातं. त्यामुळे कॉलवर 'गेट' पकडण्याचा खटाटोप सोडा. त्याच्या पुढचे दोन शब्द पकडा. त्यांच्यावर जोर असतो, ते ऐकू येतात, आणि अर्थ त्यांच्यातच असतो.

सराव कसा करायचा? त्याला पैसे लागत नाहीत. तुमच्या ऑफिसच्या मेलमध्ये सर्चला 'गेट' टाका, मग 'गॉट' टाका. ढिगाने वाक्यं निघतील, तीही तुमच्याच मालाची, तुमच्याच ग्राहकांची. रोज दोन-चार वाक्यं वहीत पूर्ण उतरवा. समोर मराठी अर्थ लिहू नका. त्याऐवजी कोण कुणाला म्हणालं आणि तेव्हा काय घडलं होतं ते लिहा: 'पेट्या भिजल्या होत्या, खरेदीवाल्या मॅडमनी लिहिलं'. मग त्याच वाक्यातला एक शब्द बदलून तुमचं वाक्य करा आणि आठवड्याच्या आत कुठल्या तरी मेलमध्ये ते खरोखर वापरा. जे वाक्य कामाला आलं ते राहतं. बाकीची वाहून गेली तर जाऊ द्या, मेलमध्ये परत येतीलच.

डिक्शनरी टाकून देऊ नका, पण बदला. इंग्रजी-मराठी कोश अर्थ देतो, वापर देत नाही. शिकणाऱ्यांसाठी केलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी घ्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांना जपानी विद्यार्थ्यांची हीच अडचण दिसली, म्हणून त्यांनी प्रत्येक क्रियापदाच्या पुढे काय येतं याचे साचे देणारा कोश केला. तो 1942 मध्ये जपानमध्येच पहिल्यांदा निघाला. आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स ही त्याचीच पुढची पिढी, आणि ते साचे तिच्यात अजूनही दिलेले असतात. दुसरी कोबिल्ड, 1987 ची. तिच्यात अर्थ सुटा न देता पूर्ण वाक्यात दिलेला असतो, म्हणून सुरुवातीला मला ती जास्त आवडते. दोन्ही ऑनलाइन फुकट बघता येतात. 'गेट' काढलात तर अर्थांच्या लांबलचक रांगेने घाबरू नका, फक्त उदाहरणांची वाक्यं वाचा.

आता 'गॉट' की 'गॉटन'. भूतकाळात दोन्हीकडे 'गॉट'च: 'आय गॉट युअर मेल यस्टरडे'. फरक आहे तो 'हॅव'च्या पुढे. ब्रिटिश 'हॅव गॉट' म्हणतात. अमेरिकन माणूस नवीन काही मिळालं, झालं, असं सांगताना 'हॅव गॉटन' म्हणतो: 'इट हॅज गॉटन वर्स'. पण जवळ आहे किंवा करावं लागेल असं सांगायचं असेल तर तोही 'हॅव गॉट'च वापरतो. म्हणजे अमेरिकेतल्या ग्राहकाने 'वुई हॅव गॉटन द पार्ट्स' लिहिलं तर माल त्याला मिळाला, आणि 'वुई हॅव गॉट द पार्ट्स' लिहिलं तर माल त्याच्याकडे आहे. 'गॉटन' हे अमेरिकेत तयार झालेलं रूप नाही. ते जुनं इंग्लंडातलंच आहे, इंग्लंडात मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. 'फरगॉटन'मध्ये ते ब्रिटिशांनीही जपलंय. आपल्याकडे शाळेपासून ब्रिटिश वळण आहे, तेव्हा तुम्ही 'गॉट' लिहा, अमेरिकन ग्राहकालाही ते खटकत नाही. फक्त 'आय गॉटन' असं 'हॅव'शिवाय कुठेही लिहू नका.